पान दोनशे सतरा

सुगत, तुझी कादंबरी आली.
चारशे बारा पानं, खाकी पाकिटात,
वर तुझं तिरकं अक्षर:
ताई, ऱ्हस्व-दीर्घ पाहून घेजो. बाकी काही नको पाहू.

मी महालातल्या प्रेसमध्ये दिवसभर
लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल तपासते.
तुझी पानं रात्री काढते,
कूलरमध्ये पाणी भरल्यावर.
वाळ्याच्या ताट्या ओल्या होतात
आणि तुझा देश उघडतो.

समुद्रापलीकडचे देव. त्यांची नावं जिभेला झेपत नाहीत,
म्हणून तू आपली दिलीस.
तिकडचा तो इवला, फुलं पिणारा, लढवय्या पक्षी
तुझ्याकडे शिंजीर झाला.
बहिणीच्या गालांवर सोन्याची घुंगरं, म्हणून ती घुंगरी.
आई टेकडीवर झाडू मारते.
वरून पिसांचा एक गोळा पडतो,
ती तो कमरेला खोचते
आणि पोटात सूर्य राहतो.

मी हसले.
कोराडीच्या क्वार्टरपुढे आई रोज राख झाडायची,
काळी, बारीक, चहातही उतरणारी,
आणि चैत्रात सावरीचा कापूस उडत येऊन
तिच्या अंबाड्यात अडकायचा.
तू तेव्हा पोटात होतास.
मी सहा वर्षांची. मला भाऊ नको होता.
हे तुला कोणी सांगितलं?
मी तर फक्त कापसाला सांगितलं होतं.

पान दोनशे सतरा.
शिंजीर जन्मतो तोच हातात पेटता साप घेऊन.
चारशे भाऊ दक्षिणेला पळतात, त्यांचे तारे होतात.
घुंगरी पायऱ्यांवरून खाली येते,
एक हात इथे, एक पाय तिथे,
शिर वर भिरकावलेलं, त्याचा चंद्र.
आणि तू लिहितोस:
घुंगरीचा पाय घसरला.

घसरला?

पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना. मे महिना.
कठडा हाताला चटका देत होता.
तू आठ वर्षांचा, हातात रबरी पाइपचा तुकडा.
ते देव तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होते!
"वर एकच जन राहीन. तू खाली जाय."
"काहून जाऊ? मोठी मी आहो."
मागे चिमण्यांचा धूर सरळ उभा.
मग माझ्या पाठीवर दोन तळवे,
लहान, गरम, घामेजलेले.

मी लाल पेनाने शब्द खोडला.
समासात लिहिलं: ढकललं.

आणि मग मेयो आठवलं.
मनगट दोन ठिकाणी मोडलेलं,
डॉक्टर प्लास्टरची पट्टी भिजवत विचारत होते, कसं झालं?
तू दाराआड, पाइप अजून हातातच.
मी म्हणाले, पाय घसरला.
म्हणजे वाक्य माझंच आहे.
तू नुसतं सांभाळलंस, एकतीस वर्षं,
एक काना इकडचा तिकडे न करता.

पुढे वाचलं. झोप गेलीच होती.
पान तीनशे चाळीस:
शिंजीर दर महिन्याला बहिणीचे तुकडे वेचायला निघतो.
पंधरा रात्री जोडत बसतो.
सगळं जुळतं, फक्त डावं मनगट
दर वेळी वाकडंच बसतं.
तिथे एक गाठ राहते.
खालून पाहणारे लोक म्हणतात, ससा आहे.

हे त्या देवांचं नाही, सुगत.
त्यांच्याकडे कोणीतरी चंद्राच्या तोंडावर ससा फेकून मारतो,
हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस.
गाठ तुझी आहे.

गच्चीवर गेले नाही. चंद्र होता की नाही, पाहिलं नाही.
दोनशे सतरावर परत आले,
समासातला माझा शब्द खोडला,
थोडा वेळ नुसती बसले,
मग त्याच्याखाली टिंबं दिली, एकेक करून.
खोडलेल्याखाली टिंबं म्हणजे
आमच्या धंद्यात: राहू द्या.

ऱ्हस्व-दीर्घाच्या तेवीस चुका निघाल्या.
'शिंजीर' तू एकदा ऱ्हस्व लिहिलायस.
उद्या पाकीट पाठवते.
कूलरचं पाणी संपत आलंय, पंप कोरडा घरघरतोय,
आणि गार वाऱ्यात हे मनगट अजून ठणकतं,
ज्याने मी तुझं पान धरलंय.